एका पत्त्यावरची रांग

नोव्हेंबर १९९९. न्यू जर्सीतल्या एका बँकेच्या संगणक केंद्रात, तळघरात, तुम्ही उभे आहात. पायाखालच्या चौकोनी फरश्यांना भोकं आहेत आणि त्यांतून येणारी गार हवा थेट पँटीत शिरते आहे. बाहेर थंडी नुकतीच सुरू झाली आहे, इथे मात्र बारा महिने हाच ऋतू. यंत्रांची घरघर एवढी, की शेजारच्याशी बोलायचं तर कानापाशी जावं लागतं. हातात एक अर्ज आहे. बॅकअप सर्व्हरसाठी डिस्क हव्यात. सगळे रकाने भरून झालेत, एकच राहिलाय. व्हॉल्यूमचा प्रकार: ३३९०-३ की ३३९०-९?

उत्तर आजच द्यायचंय. शुक्रवारपासून ‘फ्रीझ’. मग २००० साल सुखरूप उजाडेपर्यंत इथली कुठलीही गोष्ट कुणी हलवायची नाही.

शेजारी ज्या बाई उभ्या आहेत त्या ठाण्याच्या. दोन आकडी वर्षं चार आकडी करायला पुण्या-मुंबईहून कोबोलवाल्यांची जी लाट अमेरिकेत आली तिच्यात त्याही आल्या, आणि वर्षभरात कोबोल सोडून डिस्कवाल्यांच्या टोळीत सामील झाल्या. तुम्ही त्यांना ताई म्हणता. त्या तुमच्या हातातला कागद ओढून घेतात.

“किती मागितलंत?”

“साठ जीबी.”

“ते कळलं हो. पण साठचे तुकडे किती?”

तुम्हाला वाटतं, हा काय प्रश्न झाला? साठ म्हणजे साठ. मोठे तुकडे घेतले तर यादी छोटी, सांभाळायला सोपं. ताई मान हलवतात. “आज रात्री थांबा. मग सांगा.”

म्हणून तुम्ही थांबता.

रात्री नऊच्या सुमारास कन्सोलवर ओळी धावू लागतात. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एएनआर ही तीन अक्षरं, मग एक क्रमांक, मग इंग्रजीत तक्रार किंवा वर्दी. हे सॉफ्टवेअर आयबीएमचं. त्याचं नाव एडीएसएम. याच वर्षी ते बदलून टिव्होली स्टोरेज मॅनेजर झालं आहे, पण इथे अजून कुणाच्या तोंडी बसलेलं नाही. काम सांगायला सोपं. बँकेच्या शाखांमधली, कार्यालयांमधली विंडोज एनटी, नेटवेअर, एआयएक्स असली छोटी-मोठी यंत्रं रात्री या मेनफ्रेमला फोन लावल्यासारखी जोडली जातात आणि दिवसभरात बदललेल्या फाइली पाठवतात. बदललेल्याच. पहिल्यांदा सगळं, त्यानंतर कायम फक्त फरक. दर रविवारी पुन्हा सगळं पाठवायची भानगड नाही. ही या सॉफ्टवेअरची खरी करामत, आणि माझ्या मते त्याला जेवढं श्रेय मिळायला हवं होतं तेवढं कधी मिळालं नाही.

आता एक अडचण बघा. फाइली शेवटी जायच्या टेपवर. पण टेपचा ड्राइव्ह धावायला लागला की त्याला अखंड पुरवठा लागतो, आणि शाखेतलं एनटीचं यंत्र बारीक तारेवरून थेंब थेंब पाठवतं. असे तीस ग्राहक एकदम आले तर तीस टेप ड्राइव्ह कुठून आणायचे? आणि आणले तरी ते तीसही थांबत-चालत, मागे-पुढे होत रात्रभर कण्हत बसणार. म्हणून मध्ये डिस्क. रात्री सगळ्यांनी डिस्कवर टाकायचं. सकाळी शांतपणे, मोठ्या घासांनी, ते टेपवर उतरवायचं. या डिस्कच्या साठ्याला ‘बॅकअपपूल’ म्हणतात. तो ९० टक्के भरला की सर्व्हर आपणहून टेपवर उतरवायला लागतो आणि ७० टक्क्यांपर्यंत आला की थांबतो. कुणी बदलले नाहीत तर हेच आकडे. बहुतेक जण बदलतात. सकाळी दोन्ही शून्यावर आणून पूल रिकामा करायचा, संध्याकाळी परत वर न्यायचे. पूल मध्यरात्री तुडुंब भरला तर नवे ग्राहक थेट टेप मागायला लागतात आणि मग ज्याची भीती होती तेच होतं.

तेव्हा एकूण आकार रात्र ठरवते. एका रात्रीचा फरक साठ जीबी, तर पूल निदान साठ जीबी. इथवर वाद नाही. तुकड्यांचा प्रश्न समजायचा तर मात्र बरंच मागे जावं लागेल.

१९५६, सॅन होजे, कॅलिफोर्निया. तुमच्यासमोर काचेमागे पन्नास तबकड्यांची एक उभी चळत फिरते आहे. प्रत्येक तबकडी दोन फूट व्यासाची, मिनिटाला १२०० फेरे. ही आयबीएमची ३५० डिस्क, रॅमॅक नावाच्या यंत्राचा भाग. शेजारी कॉम्प्रेसर धडधडतोय, कारण वाचणारी टोकं तबकडीला टेकू नयेत म्हणून त्यांच्यात दाबून हवा सोडावी लागते. सगळी चळत मिळून पन्नास लाख अक्षरं. तुम्ही क्षमतेवर हसू नका, हाताकडे बघा. हात एकच आहे. तो चळतीतून बाहेर येतो, वर किंवा खाली जातो, हव्या त्या तबकडीपाशी थांबतो, आत शिरतो. सरासरी सहा दशांश सेकंद. त्या वेळात दुसऱ्या कुणाला दुसरी कुठलीही तबकडी हवी असेल तर त्याने थांबायचं. पन्नास तबकड्या असोत की पाचशे, हात एक तर काम एका वेळी एक.

एवढं पाहून घ्या आणि पुढे चला.

एप्रिल १९६४ मध्ये आयबीएम सिस्टिम/३६० जाहीर करते, आणि तिच्याबरोबर डिस्कवर लिहिण्याची एक पद्धत येते: मोजणी, किल्ली, माहिती. सीकेडी. या पद्धतीत डिस्कचा भूगोल कार्यक्रम लिहिणाऱ्याला उघडा दिसतो. एका तबकडीवरचं एक वर्तुळ म्हणजे ट्रॅक. हात न हलवता सगळ्या टोकांखाली येणारे सगळे ट्रॅक मिळून एक सिलिंडर. जागा मागायची तर सिलिंडरांत मागायची, पत्ता सांगायचा तर सिलिंडर, टोक आणि नोंद या क्रमाने सांगायचा. त्या दिवसांत यात शहाणपण होतं. हात कमीत कमी हलावा म्हणून कार्यक्रम लिहिणारा स्वतः मांडणी करू शकत होता. पण लोखंडाची मापं अशी कागदावर आली की लोखंड भंगारात गेल्यावरही कागदावरून जात नाहीत. हे तुम्हाला पुढे दिसेल.

जून १९८०. आयबीएमची ३३८०. इथे जरा थांबायलाच हवं, कारण ताईंच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर याच कपाटात आहे. कपाटात एकूण २.५२ जीबी. जाहीर झाली तेव्हा इतकी मोठी डिस्क कुणी पाहिली नव्हती, आणि ती बनवतानाच्या अडचणींमुळे गिऱ्हाइकांच्या हातात पडायला १९८१ उजाडलं. पण आयबीएमने त्या २.५२ जीबीचा एक व्हॉल्यूम केला नाही. चार केले. आत चार स्वतंत्र हात होते, प्रत्येक हाताला स्वतःचा पत्ता, प्रत्येक पत्त्यामागे ८८५ सिलिंडर आणि ६३० एमबी. म्हणजे व्हॉल्यूमचा आकार ठरवताना बनवणाऱ्यांनीच आधी हात मोजले, मग जागा.

पुढच्या काही वर्षांत त्याच ३३८०चं के मॉडेल येतं. हात तेवढेच, पण एकेका हातामागे २६५५ सिलिंडर. तिप्पट माल. हाताचा वेग काही तिप्पट झाला नाही. ज्यांच्यावर रांगा आवरायची जबाबदारी होती ते लोक आता डिस्क मुद्दाम अर्धी रिकामी ठेवायला लागले. वरिष्ठांना हे पटवणं कठीण जायचं. लाखो डॉलरची डिस्क आणि अर्धी मोकळी? पण जीबीमागे सेकंदाला किती वाचनं-लेखनं मिळतात हा हिशेब ज्याने एकदा केला, त्याला ती मोकळी जागा वाया गेलेली वाटत नाही.

नोव्हेंबर १९८९ मध्ये ३३९० येते. पहिल्या मॉडेलात एका व्हॉल्यूमला १११३ सिलिंडर. दुसऱ्यात दुप्पट, २२२६. १९९१ मध्ये तिसरं, ३३३९. १९९३ मध्ये नववं, १००१७, म्हणजे पहिल्याच्या नऊपट. ते मुद्दाम संथ ठेवलेलं, क्वचित लागणाऱ्या मालासाठी. सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक, ट्रॅकमध्ये ५६,६६४ बाइट. गुणाकार करा: मॉडेल ३ मध्ये २.८४ जीबी, मॉडेल ९ मध्ये ८.५१ जीबी. हे आकडे त्या पिढीच्या मेनफ्रेमवाल्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात.

आणि याच सुमाराला सगळा भूगोल खोटा होतो. १९९० मध्ये ईएमसी कंपनी सिमेट्रिक्स आणते: आत छोट्या-छोट्या स्वस्त डिस्क, पुढ्यात मोठी कॅश मेमरी, आणि बाहेरून मेनफ्रेमला भासवायचं की मी आयबीएमची डिस्क आहे. आयबीएम स्वतः १९९४ मध्ये तसंच यंत्र काढते आणि त्याला जुनं नाव परत देते, रॅमॅक. त्यानंतर ‘३३९०-३’ नावाची वस्तू हळूहळू जगातून नाहीशी होते. उरतो तो आकार. ३३३९ सिलिंडर असल्याची थाप, जी पेटी मारते आणि मेनफ्रेम बिनतक्रार मानते.

आता परत तळघरात. मध्यरात्र झाली आहे. ताई तुम्हाला आरएमएफचा, म्हणजे मेनफ्रेमच्या कामगिरीचं मोजमाप ठेवणाऱ्या साधनाचा, अहवाल दाखवतात. हिरव्या अक्षरांत प्रत्येक डिस्कची एक ओळ, आणि ओळीत प्रतिसादाला लागलेल्या वेळेची फोड. शेवटचे तीन रकाने पेटीच्या आतले आणि तारेवरचे. त्यांत फार काही नाही. फुगलाय तो पहिला, आयओएसक्यू.

“हा वेळ डिस्कमध्ये गेलेलाच नाही,” ताई सांगतात. “हा आपल्याच दारात गेला.”

मेनफ्रेमच्या ओएस/३९० या व्यवस्थेत प्रत्येक व्हॉल्यूमचं एक टिपण असतं, यूसीबी. एका यूसीबीवर एका वेळी एकच काम सुरू करायचं, दुसरं आलं तर रांगेत. नियम बरोबरच होता. हात एक असताना दुसरं काम सुरू करून फायदा काय? पण आता पेटीच्या आत डझनावारी डिस्क आणि कॅश हात जोडून बसल्या आहेत, आणि व्यवस्थेला ते ठाऊकच नाही. दादरला तिकिटांच्या खोलीत सहा कारकून आहेत, पण खिडकी एकच उघडी, तसा प्रकार. बाहेर रांग जिन्यापर्यंत, आत पाच जण चहा पितायत.

मग साठ जीबीचा हिशेब परत मांडा, आणि या वेळी नीट. बॅकअप सर्व्हर डिस्कवर ४ केबीच्या ठोकळ्यांत लिहितो. ३३९०च्या एका ट्रॅकवर असे बाराच ठोकळे बसतात. बारा गुणिले ४०९६ म्हणजे ४९,१५२ बाइट. उरलेली जागा ठोकळ्यांमधल्या फटींत आणि नोंदींत जाते. म्हणजे जाहिरातीतल्या २.८४ जीबीपैकी तुमच्या पदरात पडतात २.४६. तेरा टक्के तिथेच गेले. नवख्या माणसाचा पूल नेहमी इथेच कमी पडतो, आणि तो पहाटे तीन वाजता कमी पडतो. साठ जीबीसाठी मॉडेल ३चे पंचवीस व्हॉल्यूम लागतील. मॉडेल ९चे, एकेकी ७.३८ जीबी धरून, नऊ.

पंचवीस खिडक्या किंवा नऊ. ग्राहक तीस. सर्व्हर शक्यतो प्रत्येक ग्राहकाला वेगळ्या व्हॉल्यूमवर बसवायला बघतो, पण व्हॉल्यूमच नऊ असले तर तो तरी काय करणार?

तुम्ही म्हणता, “मग मॉडेल ९वर दोन-दोन डेटासेट करू. सर्व्हरला अठरा दिसतील.”

ताई हसतात. “तसंही करावंच लागेल, आवडो न आवडो.”

कारण मेनफ्रेमवर या सर्व्हरचे डिस्क-व्हॉल्यूम म्हणजे व्हीसॅम या फाइल-पद्धतीतले लिनिअर डेटासेट, आणि साधा लिनिअर डेटासेट ४ जीबीला संपतो. मॉडेल ३ एका डेटासेटमध्ये आरामात मावतो: एक व्हॉल्यूम, एक डेटासेट, झालं. मॉडेल ९ मावत नाही. त्यात एक डेटासेट सुमारे ५८२५ सिलिंडरांचा आणि दुसरा उरलेल्यांत. सर्व्हरला वाटतं या दोन वेगळ्या डिस्क आहेत, म्हणून तो खुशाल दोन ग्राहक त्यांच्यावर सोडतो. खाली यूसीबी मात्र एकच. दोघं एकाच दारात एकमेकांना ढकलत बसतात, आणि सर्व्हरच्या कुठल्याही अहवालात हे दिसत नाही. दिसतं ते फक्त आरएमएफच्या पहिल्या रकान्यात. सॉफ्टवेअरने केलेली समान वाटणी लोखंडाच्या पातळीवर विषम होऊ शकते, हे मला तरी या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत कपटी वाटतं. कुणी खोटं बोलत नाही, आणि तरी चित्र चुकतं.

दुसरी बाजू ऐकायलाच हवी. डिस्कविभागाचे अमेरिकन प्रमुख मॉडेल ९च्या बाजूचे आहेत आणि त्यांचं म्हणणं खुळचट नाही. एकेक डेटासेट आधी बनवायचा, मग एएनआरएफएमटी चालवून पहिल्यापासून शेवटपर्यंत आखून घ्यायचा, मग सर्व्हरला सांगायचा. पंचवीस वेळा. प्रत्येक व्हॉल्यूमला सहा अक्षरी नाव, प्रत्येकाला एक पत्ता, आणि एका नियंत्रण गटात पत्ते २५६च. आज बॅकअपवाले पंचवीस घेऊन गेले, उद्या डीबी२ डेटाबेसवाले येतील.

तरीही मॉडेल ३ लिहा. ही रात्र बघितल्यावर माझं मत बदलणार नाही. फक्त पंचवीसच्या पंचवीस एकाच गटात, पेटीतल्या एकाच कोपऱ्यात येऊ देऊ नका. नाहीतर खिडक्या पंचवीस आणि आतला कारकून एक असं उलटं व्हायचं. आणि सर्व्हरचा स्वतःचा डेटाबेस, त्याचा लॉग हे या पंचवीसांत घुसवू नका. डेटाबेसमध्ये प्रत्येक फाइलची नोंद असते. तो गेला तर टेपांवरचा सगळा माल शाबूत असून कुठे काय आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. त्याचे व्हॉल्यूम ४ एमबीच्या पटीत आखायचे आणि वर एक एमबी वरखर्चाला द्यायचा. त्याला लहान, वेगळ्या, निवांत डिस्क हव्यात. तिथे जागा वाया गेली तर जाऊ द्या.

पहाटे ताई आणखी एक कारण सांगतात, जे अर्जात मावत नाही. समजा एक व्हॉल्यूम वाचता येईनासा झाला. त्यावरचा जो माल अजून टेपवर उतरला नसेल तो दुसऱ्या प्रतीवरून परत आणायचा, आणि त्या प्रतीच्या टेपा दुसऱ्या गावातल्या कोठारात. मॉडेल ३ गेला तर अडीच जीबी शोधायचे, मॉडेल ९ गेला तर सात. म्हणून सकाळचा क्रम इथे देवपूजेसारखा पाळतात: आधी पूलची प्रत काढा, मग टेपवर उतरवा, मग डेटाबेसचा बॅकअप. उलट केलं तर तीच प्रत टेपवरून टेपवर काढत दुपार होते.

१९९९ इथे सोडा. बाकीच्या जगाप्रमाणे या तळघरातही १ जानेवारी उगवते. पुढची काही वर्षं भरभर गेली तरी चालतील, कारण तुम्ही जे उत्तर दिलंत ते आता चूक ठरणार आहे.

चूक ठरवणाऱ्या पेटीचं टोपणनाव शार्क. आयबीएमने ती १९९९च्या जुलैतच जाहीर केलेली आहे. तिच्यात पीएव्ही नावाची सोय येते: एका व्हॉल्यूमला एक मूळ पत्ता, आणि शिवाय काही उपनावं. चार उपनावं दिली तर त्याच व्हॉल्यूमवर पाच कामं एकदम सुरू होतात. आयओएसक्यूचा रकाना रात्रीतून सपाट. खिडक्या आता व्हॉल्यूमच्या संख्येवर अवलंबून नाहीत, आणि ज्या मुख्य कारणासाठी तुम्ही पंचवीस तुकडे मागितले होते ते कारणच गेलं.

इतकंच नाही, फासे उलटे पडतात. उपनावंही त्याच २५६ पत्त्यांतून येतात. लहान व्हॉल्यूम जास्त घेतले की मूळ पत्ते जास्त खर्च होतात आणि उपनावांना जागा उरत नाही. म्हणजे रांग कमी करायची असेल तर आता व्हॉल्यूम मोठे हवेत. त्याच आजारावर काही वर्षांपूर्वीचं औषध आता विष. अशा वेळी जुन्या माणसांची पंचाईत होते, आणि ती मी पाहिली आहे: २००५ मध्येही मॉडेल ३च मागणारे लोक असतात, आणि विचारलं तर सांगतात, आमच्याकडे नेहमी असंच. कारण विसरलं, सवय राहिली.

पत्त्यांची टंचाई एकट्या गटापुरती नव्हती. यंत्राला पत्ता चार सोळाअंकी खुणांचा, म्हणजे एकूण ६५,५३६. ते सगळेच्या सगळे मॉडेल ३ला दिले तरी हाती लागतात सुमारे १८६ टेराबाइट. मोठ्या बँकांना ती भिंत दिसायला लागली होती. म्हणून व्हॉल्यूम वाढत गेला: ३२,७६० सिलिंडर, मग ६५,५२०, म्हणजे जवळजवळ ५५.७ जीबी. तिथे गाडी अडली. सिलिंडरचा क्रमांक लिहायला दोन बाइटच होते, आणि दोन बाइटांत ६५,५३५च्या पुढे मोजता येत नाही. १९६४ मध्ये आखलेली ती जागा.

२००८ मध्ये, ओएस/३९०च्या जागी आलेल्या झेड/ओएसच्या १.१० आवृत्तीने जी वाट काढली ती ऐकून मला अजून मजा वाटते. पत्त्यात सिलिंडरनंतर टोकाचा क्रमांक येतो, त्यालाही दोन बाइट दिलेले. पण ३३९०मध्ये टोकं पंधराच, शून्य ते चौदा. त्यांना चार बिट पुरतात. बाकीचे बारा बिट वर्षानुवर्षं रिकामे पडून होते. ते काढून सिलिंडरला दिले, आता सिलिंडरला अठ्ठावीस बिट. जुने कार्यक्रम जुन्या भागात जुन्याच रीतीने चालत राहिले. या विस्तारलेल्या व्हॉल्यूमला ईएव्ही म्हणतात. आधी २,६२,६६८ सिलिंडर, म्हणजे २२३ जीबी. काही वर्षांत ११,८२,००६, म्हणजे एक टेराबाइट.

हे आकडे विचित्र वाटतात ना? भागून बघा. २,६२,६६८ म्हणजे १११३ गुणिले २३६. ११,८२,००६ म्हणजे १११३ गुणिले १०६२. १९८९च्या पहिल्या ३३९०चे सिलिंडर. ते यंत्र कधीच भंगारात गेलं, पण तेव्हा आयबीएमच्या डीएस८००० पेटीत जागा त्याच मापाने दिली जायची: १११३ सिलिंडर हा एक खंड, कमी मागा, पूर्ण खंड जायचा.

आणि शेवटचा मुक्काम, २०११. बॅकअप सर्व्हरच मेनफ्रेमवरून निघून चाललाय. सहाव्या आवृत्तीपासून त्याचा डेटाबेस डीबी२ झाला, आणि झेड/ओएसवर सर्व्हर म्हणून तो येतच नाही. जुनी गिऱ्हाइकं पाचव्या आवृत्तीवर अडकून होती. आता ६.३ने वाट दिली आहे: सर्व्हर एआयएक्सवर किंवा त्याच मेनफ्रेमवरच्या लिनक्समध्ये हलवा, टेपा झेड/ओएसकडेच राहू द्या. तुम्ही लिनक्स निवडलंय. वाटलं होतं सिलिंडर सुटले. मग डीएएसडीएफएमटी ही आज्ञा चालवता, ४०९६चा ठोकळा सांगता, आणि ट्रॅकवर पुन्हा बाराच बसतात. व्हीसॅम नाही, ४ जीबीची भिंत नाही. तेरा टक्क्यांची गळती मात्र तशीच.

पुण्याहून फोन येतो. तिथल्या डिस्कविभागातला मुलगा, रात्रपाळीवर, घाईत.

“व्हॉल्यूम ३२,७६०चे देऊ ना? सगळे तेच घेतात, ६५,५२०च्या बरोबर निम्मे.”

तुम्ही त्याला भागायला सांगता. १११३ने. पलीकडे कळफलकाचा आवाज.

“एकोणतीस पूर्णांक… अरे. तीस खंड जातील.”

“तीस खंड म्हणजे ३३,३९०. दर व्हॉल्यूममागे ६३० सिलिंडर फुकट. सत्तावीस खंडांचे घे, ३०,०५१. वाया काहीच जात नाही.”

“पण मग व्हॉल्यूम थोडे जास्त होतील.”

“होऊ दे. दर गटातले साठ-सत्तर पत्ते मात्र उपनावांना, म्हणजे हायपरपीएव्हीला, राखून ठेव, आणि डेटाबेसचे वेगळ्या गटात टाक.”

“ते का?” तो विचारतो, आणि तुम्ही खुर्ची ओढून बसता, कारण त्याला आयओएसक्यू म्हणजे काय तिथपासून सांगावं लागणार आहे.